व्याख्यानमाला समितीस खुले पत्र : ग्रंथाचा प्रभाव सांगायचा तर पुरता सांगा

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि व्याख्यानमाला समितीचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या व्याख्यानमालेतलं पहिलं व्याख्यान पुस्तिका म्हणून छापायचं, ती बडोद्यातल्या मराठी घरांतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना मोफत वाटायची आणि तिच्यावर प्रश्नमंजूषा घ्यायची, असं आपण ठरवलं आहे. माझा या निर्णयाला विरोध आहे. कार्यवाहांना मी लेखी कळवलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

जे व्याख्यानाला नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यंदाचा विषय होता जगाला घडवणारे ग्रंथ, आणि पहिलं पुष्प बायबलवर होतं. या विषयाचा मला आनंदच झाला होता. आपल्याकडे ख्रिस्ती धर्माबद्दल बोलणारे पुष्कळ, पण बायबल उघडून बघणारे थोडे. वक्ते बाहेरगावचे, बोलणं ओघवतं, सभागृह भरलेलं. त्यांची मांडणी अशी होती : आधुनिक विज्ञान बायबलच्या कुशीत जन्मलं, गुलामगिरी बायबलनं संपवली, इस्पितळं, शाळा, लोकशाही, मानवाधिकार ही सगळी त्याच ग्रंथाची देणगी, आणि ज्या ग्रंथानं जगाचं एवढं भलं केलं तो खरा असल्याशिवाय हे घडेल कसं? प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवले होते. पुष्कळांनी चिठ्ठ्या दिल्या, मीही दिली. वेळ संपल्याचं सांगून त्यातली एकही वाचली गेली नाही.

एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. व्याख्यान ऐकून माणसं घरी जातात, आपसांत वाद घालतात, विसरतात. छापील पुस्तिकेचं तसं नसतं, आणि परीक्षेचं तर नाहीच नाही. मी या संस्थेचा आजीव सभासद आहे आणि माझी सगळी नोकरी याच शहरात मुलांना इतिहास शिकवण्यात गेली. माझी नात नववीत आहे. तुमची नमुना प्रश्नपत्रिका तिच्या दप्तरातून माझ्या हाती आली. एका कागदावर पाठपोट छापलेली, वर संस्थेचं बोधचिन्ह. तिसरा प्रश्न : ‘जगातून गुलामगिरी कोणत्या ग्रंथामुळे नष्ट झाली?’ खाली चार पर्याय, चारही धर्मग्रंथ. नातीनं विचारलं, ‘‘आजोबा, कुठल्याच ग्रंथामुळे नाही असं लिहिलं तर मार्क जातील का?’’ जातील, असंच मला तिला सांगावं लागलं.

मुद्द्याला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट अगदी स्पष्ट करतो, कारण सध्याची हवा मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या पत्राची कुणकुण लागताच दोन-तीन सभासदांनी मला फोन केले. ‘बरं केलंत, असल्या लोकांना बोलवायलाच नको,’ असा त्यांचा सूर होता. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. फतेगंजमधले माझे ख्रिस्ती स्नेही, माझे ख्रिस्ती विद्यार्थी, त्यांची प्रार्थना, त्यांची श्रद्धा यांच्याविरुद्ध माझा एक शब्दही नाही. हे पत्र कापून, त्यातली चार वाक्यं उचलून कुणी त्यांच्यावर भिरकावणार असेल, तर तो माझा मित्र नव्हे. मला वक्त्यांचं तोंड बंद करायचं नाही. मला त्यांच्याकडून उत्तरं हवी आहेत. याच सभागृहात प्राचीन भारतातल्या विमानांवर व्याख्यान झालं होतं, तेव्हाही मी उभा राहून पुरावा मागितला होता. तेव्हा जी मोजपट्टी लावली तीच आज लावतो आहे.

आता गुलामगिरी. पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीत सगळ्यात ठाम विधानं याच प्रकरणात आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स निष्ठावंत ख्रिस्ती होते, हे खरं आहे. त्यांच्या आधी, १६८८ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला, हेही खरं आहे. त्यांना प्रेरणा त्यांच्या धर्मातून मिळाली, ती मी का नाकारू? पण पुस्तिका इथेच थांबते, आणि माझी तक्रार इथून सुरू होते. समोरच्या बाजूच्या हातातही तोच ग्रंथ होता. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात भोवतालच्या राष्ट्रांतून दास-दासी विकत घ्यावेत, ते मुलाबाळांना वारसा म्हणून द्यावेत, असं लिहिलं आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात नियम आहे की मालकानं काठीनं मारलेला दास एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण दास हे त्याचं धन आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात दासांना मालकांच्या आज्ञेत राहायला सांगितलं आहे. मळेवाल्यांच्या बाजूचे पाद्री हीच वचनं व्यासपीठावरून वाचत होते.

१८०७ हे साल पुस्तिकेत ठळक अक्षरांत आहे, कारण त्या वर्षी ब्रिटिश संसदेनं गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्याच १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं, ते पुस्तिकेत नाही. त्यातून जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्या कराराचा जवळपास निम्मा भाग वगळला होता. मोशे आपल्या लोकांना मिसरच्या दास्यातून सोडवतो ती कथा काढून टाकली. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्रही नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचन काढून टाकलं. मालकांची आज्ञा पाळा, हे ठेवलं. ज्यांनी हे केलं ते धर्माचे शत्रू नव्हते, धर्मप्रचारकच होते. मुलांना फक्त एक साल पाठ करायला लावणार असाल तर त्या सालातल्या या दोन्ही गोष्टी त्यांना कळायला हव्यात.

आणखी सांगतो. बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टन मळे इंग्लंडच्या चर्चच्या एका धर्मप्रचारक संस्थेच्या मालकीचे होते, आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडानं त्या संस्थेचा शिक्का उमटवला जाई. इंग्लंडच्या चर्चनं याबद्दल २००६ मध्ये माफी मागितली. अमेरिकेतलं सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा चर्चचा संघ १८४५ मध्ये गुलामगिरीच्याच प्रश्नावर वेगळं झालं, गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूनं. त्यांनी १९९५ मध्ये माफी मागितली. ज्या चर्चनी स्वतः माफी मागितली, त्यांचा दोष बडोद्यातल्या आपल्या पुस्तिकेनं का झाकावा?

सगळ्यात खटकतं ते हे की पुस्तिकेत गुलाम स्वतः कुठेच नाहीत. हैतीत १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. जमैकाचा सॅम्युएल शार्प स्वतः गुलाम होता आणि बॅप्टिस्ट उपदेशकही. १८३१ च्या अखेरीस त्याच्या पुढाकारानं मोठा उठाव झाला आणि पुढच्या वर्षी त्याला फाशी दिलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३३ मध्ये, ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा आला. त्या कायद्यानं दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती मालकांना; गुलामांना दमडी मिळाली नाही. आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला होता, इथे कायदा व्हायला १८४३ उजाडलं. शार्पच्या हातात बायबल होतं, त्याला फासावर चढवणाऱ्यांच्या हातातही बायबल होतं. मग गुलामगिरी ‘बायबलनं’ संपवली म्हणायची की माणसांनी? चौथ्या शतकात रोमचा सम्राट ख्रिस्ती झाला. तिथून १८०७ पर्यंतच्या जवळजवळ पंधराशे वर्षांचं काय करायचं, याचं उत्तर वक्त्यांनी द्यावं. माझ्या चिठ्ठीवर हाच प्रश्न होता.

विज्ञानाचंही असंच आहे. केप्लर, न्यूटन, मेंडेल श्रद्धावान होते, मेंडेल तर मठवासी. हे पुस्तिकेत आहे आणि बरोबर आहे. पण एखादी गोष्ट कशामुळे घडली असं म्हणायचं तर ते कारण जिथे जिथे होतं तिथे तिथे परिणाम दिसायला हवा, निदान नसण्याचं कारण तरी सांगता यायला हवं. आर्मेनिया आणि इथिओपियातलं अक्सुमचं राज्य चौथ्या शतकातच ख्रिस्ती झालं. बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्य हजार वर्षं बायबल हाती धरून उभं होतं. तिथे वैज्ञानिक क्रांती का झाली नाही? आणि ख्रिस्ती धर्माच्या आधीच होऊन गेलेल्या एराटोस्थेनिस या ग्रीक पंडितानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सावल्या मोजून पृथ्वीचा घेर काढला तो कशाच्या बळावर? प्रकाश डोळ्यांत येतो म्हणून दिसतं, हे प्रयोगांनी मांडणारा अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम अकराव्या शतकातला. ज्या अंकांत न्यूटननं गणितं केली ते इथून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात गेले. विज्ञान अनेकांच्या हातांतून घडत आलं. युरोपचा त्यातला वाटा फार मोठा आहे. तो मोठाच सांगावा, पण तो एका ग्रंथाच्या नावावर चढवू नये.

गॅलिलिओवर पुस्तिकेत एकच वाक्य आहे : ‘हा केवळ व्यक्तिगत भांडणाचा प्रकार होता.’ पोपशी बिनसलं होतं, हे मान्य. पण १६१६ मध्ये रोमच्या धर्मपंडितांनी सूर्य स्थिर असल्याचं मत पाखंडी ठरवलं ते ‘शास्त्रवचनांच्या विरुद्ध’ म्हणून. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याची कथा आहे, ती या वादात पुनःपुन्हा पुढे आली. १६३३ मध्ये म्हाताऱ्या गॅलिलिओला गुडघ्यांवर बसून आपलं मत सोडायला लावलं. तो स्वतः श्रद्धाळू होता, आणि बायबलचा अर्थ वेगळा लावता येतो असंच तो सांगत होता. म्हणजे इथेही दोन्ही बाजूंना बायबलच होतं. १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी चूक झाल्याचं मान्य केलं. व्हॅटिकननं जे कबूल केलं ते आपण नाकारतो आहोत.

इस्पितळांबद्दल थोडक्यात. चौथ्या शतकात बिशप बेसिलनं आजच्या तुर्कस्तानातल्या सीझरियात उभारलेलं रुग्णालय ही मानवजातीच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण ‘रोग्याची सेवा ही कल्पनाच आधी नव्हती’ हे वाक्य गुजरातेत बसून छापताना कुणाला गिरनार आठवला नाही? अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या औषधोपचाराची, औषधी वनस्पती लावण्याची नोंद आहे. तो बेसिलच्या सहाशे वर्षं आधीचा आहे आणि जुनागढला आजही उभा आहे.

मानवाधिकारांच्या प्रकरणानं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण तिथे तर बडोदाच गाळलं गेलं. १० डिसेंबर १९४८ चा मानवाधिकारांचा जाहीरनामा ही बायबलची देणगी, असं पुस्तिका म्हणते. त्या जाहीरनाम्यात देवाचा उल्लेख नाही, आणि तो अनवधानानं राहून गेलेला नाही. माणसाच्या दैवी उगमाचा उल्लेख घालावा असा प्रस्ताव चर्चेत आला होता, तो टिकला नाही. मसुदा घडवणाऱ्यांत लेबनॉनचे ख्रिस्ती चार्ल्स मलिक होते, चीनचे पी. सी. चांग होते, एलिनॉर रूझवेल्ट अध्यक्ष होत्या, आणि भारताच्या हंसा मेहता होत्या. ‘सगळे पुरुष’ असा अर्थ निघेल असं पहिलं कलम होतं, ते ‘सगळी माणसं’ असं व्हावं म्हणून त्याच भांडल्या आणि जिंकल्या. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहतांची ही लेक आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची पहिली कुलगुरू झाली. तिच्या गावात मानवाधिकारांवर पुस्तिका निघते आणि तिचं नाव एकदाही येत नाही! लोकशाहीच्या परिच्छेदाबद्दल एवढंच म्हणतो : राज्यकर्ते देवानं नेमलेले आहेत, हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातलं वचन राजांनी शतकानुशतकं स्वतःच्या गादीसाठी वापरलं. अमेरिकेच्या संविधानात बायबलचा उल्लेख नाही, आणि सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, हे मात्र त्याच्या सहाव्या कलमात लिहिलेलं आहे.

शाळांच्या बाबतीत मला मिशनऱ्यांचं देणं मोकळ्या मनानं मान्य करायचं आहे, कारण आपण मराठी माणसं ते पुरेसं मान्य करत नाही. विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण १८०५ चं. अमेरिकन मिशननं मुंबईत १८२४ मध्ये मुलींची शाळा काढली. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा बघून त्यांना हुरूप आला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. यातलं बरंचसं पुस्तिकेत नाही, आणि खरं तर हेच यायला हवं होतं. त्याऐवजी ‘भारतात सर्वांना शिक्षण ही कल्पना केवळ बायबलमुळे आली’ असं सरधोपट वाक्य आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. इंग्रज सरकारनं उरलेल्या हिंदुस्थानात ते केलं नव्हतं. महाराजांनी परदेशांतून पुष्कळ काही उचललं. अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून १९१० मध्ये बॉर्डन या ग्रंथपालांना तिथून बोलावून घेतलं. मांडवीतलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातूनच उभं राहिलं. चांगलं दिसलं तिथून घ्यायचं, ही त्यांची रीत होती. त्यांनी तर बडोदा कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवण्यासाठी अल्बन विजरी या इंग्रज प्राध्यापकांना नेमलं. शंभर वर्षांपूर्वी या गावात धर्मग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून अभ्यासले जात होते. तुमच्या प्रश्नपत्रिकेत ते चार पर्याय बनून समोरासमोर उभे आहेत.

पुरातत्त्वाच्या पानाबद्दल फार लिहीत नाही. इस्रायलमधल्या तेल दान इथे १९९३ मध्ये सापडलेल्या लेखात बायबलमधल्या दावीद राजाच्या घराण्याचा उल्लेख आहे, तिथल्याच किनाऱ्यावरच्या दुसऱ्या सीझरियात १९६१ मध्ये येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमन अधिकारी पिलात याच्या नावाचा दगड मिळाला, हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. पण कॅथलीन केनियन यांनी १९५० च्या दशकात जेरिकोत उत्खनन केलं तेव्हा यहोशवाच्या काळात कोसळली असं बायबल सांगतं ती, त्या काळाशी जुळणारी तटबंदी सापडली नाही, हेही त्याच पानावर हवं. मृत समुद्राकाठी बायबलच्या जुन्या हस्तलिखितांच्या गुंडाळ्या १९४७ पासून सापडू लागल्या. त्यांच्यावरून मजकूर किती निगुतीनं उतरवला गेला ते कळतं; मजकुरातली घटना घडली की नाही ते कळत नाही.

आणि शेवटचा दावा, ज्याच्यासाठी आधीचे सगळे रचले आहेत : एवढा प्रभाव पडला, म्हणून ग्रंथ खरा. हा तर्क स्वीकारला तर जगातला प्रत्येक प्रभावी धर्मग्रंथ एकाच वेळी खरा ठरेल, एकमेकांना खोडून काढणारेसुद्धा. मनुस्मृतीचा प्रभाव या देशावर कमी का पडला? १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या डॉ. आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही, हा कशाचा प्रभाव होता? प्रभाव मोठा असणं वेगळं, भला असणं वेगळं आणि खरा असणं त्याहून वेगळं. बायबलचा प्रभाव अफाट आहे हे मी एका क्षणात मान्य करतो. पण मग सगळी वही उघडा. जमेची पानं वाचायची आणि खर्चाची चिकटवून टाकायची, हे इतिहासात चालत नाही.

म्हणून माझ्या मागण्या या आहेत. पुस्तिका आहे या रूपात छापू नये. वर लिहिलेल्या मुद्द्यांना वक्त्यांनी लेखी उत्तर द्यावं, आणि ते उत्तर व सभासदांचे आक्षेप दोन्ही तिच्यात छापावेत. ज्या प्रश्नांचं एकच धर्मग्रंथ हे उत्तर आहे ते सगळे प्रश्न प्रश्नमंजूषेतून काढावेत. त्या दिवशीच्या चिठ्ठ्या कार्यवाहांकडे असतील, त्या फेकल्या नसतील तर सभासदांसमोर वाचाव्यात. मालेतली पुढची व्याख्यानं गीतेवर आणि कुराणावर आहेत. तिथेही हाच नियम हवा, म्हणजे शेवटचा अर्धा तास प्रश्नांचा, आणि तो आभारांच्या आधी. आणि बायबलवर एक संध्याकाळ पुन्हा ठेवा. तेच वक्ते, विद्यापीठातले एक इतिहासाचे अभ्यासक आणि आपल्याच शहरातले एक ख्रिस्ती अभ्यासक, असे तिघं समोरासमोर बसू द्या. मुलांनाही बोलवा.

पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीवर मी पानोपानी टिपा केल्या आहेत. कोणत्या विधानाला काय आक्षेप आणि का, हे समासात लिहिलं आहे, आणि जी विधानं बरोबर आहेत त्यांच्यापुढे तसंही लिहिलं आहे. ती प्रत या पत्रासोबत संस्थेच्या कचेरीत देतो आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत दहा मिनिटं दिलीत तर येऊन बोलेन. नातीच्या शाळेत पुस्तिका पोचायच्या आत ती बैठक व्हावी, एवढी विनंती.

आपला,
संस्थेचा एक आजीव सभासद, निवृत्त इतिहास शिक्षक
दांडिया बाजार, बडोदा